नानवर ठेवलेला हात

सोवेतबेकच्या बापाने सामूहिक शेतावर जन्मभर ट्रॅक्टर चालवला आणि पोराचं नाव तेव्हाच्या सोवेत सरकारच्या नावावरून ठेवलं. पुढे ते सरकार गेलं, शेत गेलं, ट्रॅक्टर भंगारात गेला. नाव तेवढं राहिलं. आमच्या टॅक्सी स्टँडवर वयाने तो सगळ्यांत मोठा, म्हणून तोंडावर आम्ही त्याला थोरल्या भावासारखं 'सोवेत आके' म्हणायचो. पाठीमागे म्हणायचो 'मंत्री', कारण जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्याच्याकडे उपाय असायचा आणि तो कोणी विचारलेला नसायचा.

माझं नाव इमानअली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हे नाव ऐकून माझं मलाच हसू येत नाही.

मंत्र्याची ऑडी माझ्या लग्नाआधीची. तो ती स्वतःच्या टोपीने पुसायचा. दवाखान्यात चाललेल्या माणसाकडून भाडं घ्यायचा नाही, चार सीटवर पाचवं माणूस कोंबायचा नाही. असा माणूस स्टँडवर असला की बाकीच्यांना उगाच चोर झाल्यासारखं वाटतं. म्हणून आम्ही त्याची चेष्टा करायचो.

त्याला एकच मुलगी, कुनदुज. शाळेत पहिली. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्यासाठीची प्रवेश परीक्षा देशभर वर्षातून एकदाच, मे महिन्यातल्या एका रविवारी. केंद्र नारिनला, घाटापलीकडे सत्तर किलोमीटर. नऊ वाजता फाटक बंद झालं की झालं, मग राष्ट्राध्यक्षाची मुलगी असली तरी उघडत नाही. मंत्री गाडीत बसलेल्या प्रत्येक प्रवाशाला ही परीक्षा समजावून सांगायचा. लोक घाटात उलट्या करत ऐकायचे.

त्या वसंतात पेट्रोल महिन्याभरात लिटरमागे अकरा सोमने चढलं; सोम म्हणजे आमचा रुपया. गावात पंप एकच, नारिनचे पंपही त्याच मालकाचे. भाडं वाढवलं तर प्रवासी शिव्या देणार, न वाढवलं तर बायको. बुधवारी चहाच्या टपरीत मंत्री उभा राहिला.

"पंपाची जमिनीखालची टाकी केवढी, माहीत आहे?" त्याने विचारलं. "दहा टनांची. टँकर येतो रविवारी दुपारी. तोवर टाकी रिकामी झाली नाही तर तो ओतणार कुठे? भरलेला टँकर घाट चढून परत जाईल. दोनदा गेला की मालकाला भाव उतरवावाच लागेल."

"आणि आम्ही तीन दिवस काय करायचं, आके? गाड्यांना गवत घालायचं?" जोलदोश म्हणाला. स्टँडवर सगळ्यांत लांब जीभ त्याची.

"गाड्या उभ्या ठेवायच्या. शुक्रवार, शनिवार, रविवार. नुसतं विकत घ्यायचं नाही म्हणून भागत नाही. आदल्या दिवशी टाक्या भरून घेतल्या आणि तीन दिवस तेच जाळलं, तर ते कसलं बंद? ते उधारीचं खाणं."

"मग कुनदुजची परीक्षा?" मी विचारलं. "रविवारीच आहे ना?"

"शनिवारची सरकारी बस आहे. ती काही आपल्यात नाही."

मग त्याने पिशवीतून नान काढला, गोल, तंदूरचा, अजून गरम. टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. आमच्याकडे माणूस कुराणावर हात ठेवून खोटं बोलेल, पण नानवर नाही. "तीन दिवस पंपावर जाणार नाही, गाडी हलवणार नाही. मोडलं तर नान मला मारो," तो म्हणाला. आम्ही बावीस जणांनी एकामागून एक हात ठेवला आणि तेच म्हणालो. शेवटी जोलदोशने तोच नान तोडून चहात बुडवून खाल्ला.

गुरुवारी सकाळी पंपावर रांग लागली. शपथ शुक्रवारपासूनची होती, नाही का? मी टाकी भरली, वर दोन कॅन भरले. बायकोला तिसरा कॅन देऊन पाठवलं. रांगेत प्रत्येक जण दुसऱ्याकडे न बघता उभा होता. पंपावरचा आल्मास खुशीत होता. "असा बंद दर महिन्याला करा रे," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याच्या टाकीचा तळ दिसायला लागला. टँकरला हवी तेवढी जागा आम्हीच करून दिली.

मंत्री त्या दिवशी रांगेत नव्हता. उलट शुक्रवारी सकाळी त्याने ऑडीतलं वीस लिटर पेट्रोल नळीने काढलं आणि दवाखान्याच्या गाडीला देऊन टाकलं. आजाऱ्यांचे हाल होऊ नयेत म्हणे. मग रिकामी गाडी स्टँडवर लावून, बॉनेटवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत राहिला. आम्हीही तासभर त्याच्याबरोबर बसलो. "बघा, बावीस गाड्या उभ्या आहेत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मला तेव्हा त्याचा राग आला, खरं सांगतो.

दुपारी आम्ही एकेक करून घरी जेवायला गेलो आणि मागच्या कच्च्या रस्त्याने गाड्या पुलापलीकडे विटांच्या भट्टीमागे नेल्या. गावात वाहन नाही म्हटल्यावर लोक तिथवर चालत यायचे आणि दुप्पट भाडं मुकाट द्यायचे. तसली कमाई मी आजवर केली नव्हती.

शनिवारी बस आली नाही. तिच्या ड्रायव्हरने साहेबाला फोन करून सांगितलं की इकडे बंद आहे, दगडफेक होईल. आणि तो सासुरवाडीला बकरा खायला गेला.

त्या संध्याकाळी मंत्री स्टँडवर आला. त्याने कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. टोपी हातात धरून म्हणाला, "कोणाच्या टाकीत थोडं असेल का रे? पोरीला पोचवायचंय. शपथ मी मोडतो, पाप माझं. तुम्ही फक्त पेट्रोल द्या."

माझ्या टाकीत तीस लिटर होतं. पण ते दिलं असतं तर ते आलं कुठून हा प्रश्न आला असता. मी जोलदोशकडे पाहिलं, जोलदोशने माझ्याकडे.

"कोरडी ठणठणीत, आके," जोलदोश म्हणाला. "तुम्हीच तर सांगितलंत, आधी भरायचं नाही."

"बरोबर आहे," मंत्री म्हणाला. "बरोबरच केलंत."

घरी कुनदुजने त्याला सांगितलं की भट्टीमागून गाड्या सुटतात, सगळ्या गावाला माहीत आहे. तिच्या आईकडून हे माझ्या बायकोला कळलं, म्हणून मला माहीत. मंत्री आयुष्यात पहिल्यांदा पोरीवर ओरडला. "नानवर हात ठेवलाय त्यांनी. पुन्हा असं बोलशील तर थोबाड फोडीन." पुढे म्हणाला, "मी सकाळी खटारा बघतो, बटाट्याचा एखादा ट्रक बघतो." रविवारी सकाळी ट्रक कुठून यायचा?

ती पहाटेच एकटी निघाली. मी साडेसहाला भट्टीवरून चार माणसं भरून रस्त्याला लागलो, तर पुलाच्या टोकाला ती उभी. पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद. तिने हात केला.

मागे बसलेली म्हातारी म्हणाली, "अरे, ही सोवेतची पोर. आज परीक्षा ना तिची? घे तिला, माझ्या मांडीवर बसेल."

"सोवेतची आहे म्हणूनच नाही घेत," मी म्हणालो आणि गाडी दामटली. ती एकदा गाडीत बसली असती तर संध्याकाळी बापाला काय सांगणार होती? आरशात पाहिलं तर तिचा हात अजून तसाच वर होता. माझ्या मागून जोलदोश आला, त्याच्या मागून आणखी चार गाड्या आल्या. तीही सगळी बायकापोरं असलेली माणसं. कोणीही थांबलं नाही.

ती घाटाच्या पायथ्यापर्यंत चालली. तिथे तिला एक टँकर भेटला. आमच्याकडे ओतायला आणलेलं पेट्रोल त्या दिवशी लवकर ओतून रिकामा परत चालला होता. त्याने तिला नारिनला सोडलं. फाटक बंद होऊन दीड तास झाला होता.

सोमवारी पंपावर भाव आणखी दोन सोमने चढला. आल्मास म्हणाला, मागणी वाढलीये. खरंच बावीस गाड्या तीन दिवस उभ्या राहिल्या असत्या तर भाव उतरला असता का? मला माहीत नाही. ते बघायची पाळीच आम्ही येऊ दिली नाही.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मधल्या काळात मंत्र्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या वर्षीची परीक्षा राहिली. कुनदुज आता पंपावर काम करते. भाव बदलला की शिडीवर चढून पाटीवरचे आकडे तीच बदलते.

पहिल्यांदा मी तिच्यापुढे गाडी लावली तेव्हा तिने नळी टाकीत घातली आणि आकड्यांकडे बघत म्हणाली, "बाबांना मी काही सांगितलेलं नाही. ट्रक मिळायला उशीर झाला एवढंच सांगितलंय."

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"ते अजून तुमच्याबरोबर स्टँडवर बसतात, आके. कुठे जाऊन बसतील?"

काल दुपारी रांगेत माझा नंबर होता, मागे जोलदोश. मंत्री पोरीचा डबा घेऊन आला. फडक्यातून गरम नान काढला आणि आधी आम्हाला दिला. पुढे केलेला नान आमच्यात नाकारत नाहीत, तुकडा तरी मोडावाच लागतो.

"आपण हरलो ते बाहेरच्यांमुळे," तो म्हणाला. तो दर वेळी हेच म्हणतो. "दुसऱ्या गावांनी साथ दिली नाही. पण तुम्ही बावीस जण माझ्यासाठी तीन दिवस उपाशी बसलात, इमानअली. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. खा."

कुनदुज हातात नळी धरून माझ्याकडे बघत होती. मी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिलो.