दाखवण्यापुरती चूल

बाबांचा फोन आला तेव्हा मी बेळगावात, ऑफिसच्या जिन्यात होतो. "आप्पा गेला रं," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच धरून राहिले. मागं कुणीतरी म्हशीला हाकत होतं, ते ऐकू येत राहिलं... निपाणीच्या बसमध्ये बसल्यावर मला रडू आलं. आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. लहानपणी मला खांद्यावर बसवून बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला नेणारे तेच.

शेती दोघा भावांची एकत्र होती. सरकारी मदतीचा हप्ता शेतकऱ्याच्या खात्यावर थेट यायला लागला आणि गावात अक्कल शिकवणाऱ्यांना ऊत आला. एकत्र राहिलात तर एकच हप्ता, वाटणी दाखवलीत तर दोन. घरोघरी भाऊ कागदावर वेगळे झाले. आमच्याकडचेही झाले, चहा पीत, हसत. मग कुणीतरी पिल्लू सोडलं की चौकशीला माणूस येणार, वेगळी चूल बघणार. आप्पांनी लगेच बांधापलीकडच्या तंबाखूच्या शेडमध्ये तीन दगड मांडले, दोन भांडी नेली. आईनं चेष्टाही केली, की भावजी, आता आम्हालाच जेवायला बोलवा. माणूस कधी येईल ते ठाऊक नाही म्हणून आप्पा तिथंच शिजवायला, मग तिथंच निजायला लागले. चौकशीला कुणी आलंच नाही. आप्पाही परत आले नाहीत.

भांडण म्हणावं तर अर्ध्या शब्दाचं नव्हतं. दिवसा दोघं भाऊ एकाच रानात राबत, पाण्याच्या पाळीवरून बोलत. जेवायची वेळ झाली की एक इकडं, एक तिकडं. आई भाजीची वाटी पाठवायची, ती घासूनपुसून परत यायची, शेजाऱ्याकडून यावी तशी. सुट्टीला गेलो की शेडवरचा तो एका माणसापुरता धूर मला दिसायचा आणि भरल्या घरात बसून फार एकटं वाटायचं.

गेल्या दिवाळीत मी आप्पांना सरळच विचारलं, घरी का येत नाही म्हणून. त्यांनी काटकी मोडून चुलीत सारली. "बोलावल्याबिगर कसं येऊ रं? थोरला हाय मी."

मी तसाच बाबांकडं गेलो. ते मान खाली घालून म्हणाले, "त्येला चल म्हणायचं म्हंजे, तू वेगळा झालायस, असंच म्हणल्यागत की. आपल्याच घरला यायला बोलावणं लागतंय व्हय?"

मी चिडलो. मानपान घेऊन बसा दोघं, म्हणालो आणि बेळगावला निघून आलो. नंतर आईकडून कळायचं, बाबा संध्याकाळी बांधापर्यंत जातात, उगाच पाटात डोकावतात, परत फिरतात. माघात आप्पा झोपेतच गेले.

परवा गावी गेलो होतो. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. पुढच्या सोप्यात ताटं मांडलेली, पण बाबा नव्हते. आईनं नुसतं बांधाकडं बोट केलं. रोज ताट घेऊन तिकडंच जातात म्हणाली.

बाबा शेडच्या दारात बसले होते, ताटातली भाकरी तशीच. मी म्हटलं, चला, घरी जेवू. ते उठले नाहीत. जरा सरकून मला जागा करून दिली आणि समोर आमच्या सोप्याकडं बघत राहिले.

"हितनं समदं दिसतंय रं," ते म्हणाले. "कोण जेवाय बसलं, कोण उठलं... समदं दिसतंय."