पट्टीआडून पाहिलेले पिक्चर

“तुमच्या डोळ्याचा पडदा सुटलाय,” डॉक्टर म्हणाले.

“डोळ्याचा नाही साहेब, टॉकीजचा,” मी म्हणालो. “काल मॅटिनीला कोपऱ्यातून काळं कापड खाली येत होतं. मी ऑपरेटरला अशी हाक मारली की बाहेरच्या रिक्षांच्या घंट्या आपोआप वाजल्या.”

डॉक्टर हसले नाहीत. माझ्या बोलण्यावर न हसलेला नागपुरातला तो पहिलाच माणूस. तेव्हा मी घाबरलो.

“याला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात,” ते म्हणाले. “डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला पातळ पडदा असतो. चित्र त्याच्यावर उमटतं. तुमचा भिंतीपासून सुटत चाललाय. ऑपरेशन करू. चिकटला तर दिसेल.”

नाही चिकटला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. उजवा डोळा माझा लहानपणीच विटीदांडूत गेलेला. (ती विटी डोळ्यात अडली नसती तर थेट पारशिवनीला जाऊन पडली असती.) म्हणजे जो काही होता तो हा डावाच.

वाचणाऱ्यांना कळकळीनं सांगतो. डोळ्यात अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके चिलटांसारखे नाचू लागले, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. मी आठवडाभर गुलाबपाणी घालत बसलो होतो.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. एकच डोळा बांधला तर दुसरा, दिसत नसला तरी, फिरतो आणि त्याच्यासोबत हाही फिरतो, म्हणून दोन्ही बंद. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं: “मान हलवायची नाही. खोकायचं नाही. जोरात हसायचं नाही. रडायचं तर मुळीच नाही.”

जेवणाचं पथ्य मी पाळलं असतं. पण मी पडलो पिक्चरवाला. दर सोमवारी ऑफिसात चहाच्या वेळी मी नवा पिक्चर सांगायचो. पडद्यावर दहा डाकू असले तर माझ्या तोंडून पलटण निघायची. आता शहरात नवे पिक्चर लागले होते आणि मी लाकडाच्या ओंडक्यासारखा पडलो होतो. तगमग व्हायची, मान हलायची, सिस्टर ओरडायची.

शेवटी माझी बायको सुमन म्हणाली, “मी पाहून येते अन् तुमाले सांगते. पण मान हालली का गोष्ट बंद.”

सुमन आमच्या नंदनवन वस्तीत घरीच ब्लाउज शिवायची. पिक्चरचा तिला तिटकारा. पैसे देऊन अंधारात रडण्यापेक्षा घरी कांदे चिरावेत, हे तिचं मत. ती एकटी मॅटिनीला गेली, हे मला अजून खरं वाटत नाही.

पहिला पिक्चर डाकूंचा. मी विचारलं, “मारामारी कशी हाय?”

“असंन चांगली. पण येवढे घोडे घेऊन फिरून राहिले, त्याईले चारा कोन टाकते? एकबी डाकू गवत कापताना नाही दिसला.”

शेजारच्या खाटेवर नरखेडचे बापूराव होते, मोतीबिंदूवाले, घरी संत्र्याचा बगीचा. ते पट्टीआडून बोलले, “बाई बरोबर बोलून राहिली गा. माह्या घरी एक बैलजोडी हाय, तिच्या चाऱ्यातच माहा जीव जाते.”

दुसरा पिक्चर विधवा आईचा. तिकडे सारं शहर ढसाढसा रडत होतं म्हणे. सुमन म्हणाली, “शिलाई मशीन चालवून पोराले साहेब केलं तिनं. पण मशीनमधे दोराच नव्हता. मी निरखून पाह्यलं.”

मला हसू फुटलं.

“अजी, हासू नोका! डोळा सांभाळा!”

मी पोट आवळून हसू गिळलं. इतकी वर्षं पिक्चर पाहिले, पण कुठल्या आईच्या मशीनकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. हिच्या सांगण्यात एक डाकू वाढत नव्हता की एक अश्रू. माझ्यासारख्या थापाड्यालासुद्धा तिचा शब्द न् शब्द खरा वाटायचा.

पट्टी सुटण्याच्या आदल्या दुपारी ती तिसरा पाहून आली. त्यातला गवई आंधळा होतो. मी घाईनं विचारलं, “मंग? शेवटी?”

ती जरा थांबली. मला वाटलं, तोंडात पान असेल.

“शेवटी ऑपरेशन होते. पट्टी सोडतेत. त्याले पयले कंदील दिसते. मंग कंदील धरलेली आई. तिच्या पातळाचे काठ हिरवे.”

“असे पिक्चर पायजेत,” बापूराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली, तेव्हा मला भीती वाटली नाही. मी कंदिलाची वाट पाहत होतो. आधी पांढरा धूर दिसला. मग खिडकी. मग सुमन, पाण्यात पडल्यासारखी वाकडीतिकडी. पडदा चिकटला होता. आजही मला सरळ रेघ किंचित वाकडी दिसते, एका कोपऱ्यात सावली राहिली आहे. बाकी डोळा माझा आहे.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी पिक्चरची परवानगी दिली. गवयाचा पिक्चर तेव्हा पुन्हा लागला होता. मी म्हणालो, तोच पाहू.

“काहून? पाह्यलेलाच तं हाय,” सुमन म्हणाली. मी ऐकलं नाही.

शेवट आला. पट्टी सुटली. गवयानं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, “आई, अजून दिवा का नाही लावला?” आई तर कंदील घेऊन समोरच उभी होती.

मी वळून सुमनकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद पिळत बसली होती.

“तुह्या पिक्चरमधे तं त्याले दिसलं होतं वं!”

“दुसऱ्या दिवशी तुमची पट्टी सुटनार होती. डॉक्टरनं रडाची मनाई केली होती ना? मंग?”

त्या दुपारी पान नव्हतं तिच्या तोंडात.

मी आयुष्यभर थापा मारल्या, लोकांनी हसून सोडून दिल्या. तिनं एकच मारली, तीही पथ्य म्हणून.

अजूनही तो पिक्चर कुठे लागला की लोक मला विचारतात, कसा आहे? मी कंदील सांगतो, हिरवे काठ सांगतो. ते पाहून येतात आणि मला शिव्या घालतात. घालू द्या. त्याचा दुसरा शेवट माझ्याच्यानं सांगवत नाही.