तुर्दाकूनचा बटवा

अत-बाशी गावाच्या वरच्या कुरणांवर कुठलीच बँक फिरकत नव्हती. जिपारगुल फिरकायची. खटारा गाडीतून जाऊन ती मेंढपाळांच्या फोनवर तिनं बनवलेला ‘बटवा’, म्हणजे पैशाचं खातं, उघडून द्यायची. दोर ओढून ओढून त्या लोकांच्या बोटांचे ठसे झिजलेले, म्हणून यंत्र चेहऱ्यावरून ओळख पटवायचं. "आजोबा, इकडं बघा. आता पापण्या मिटा, उघडा." परवान्याच्या साहेबांना ती ठणकावून सांगायची, "मेलेला माणूस पापणी हलवत नाही." मी तिच्याकडे हिशेब बघायचे. पगार कधीच वेळेवर नसायचा, तरी मला तिचा फार अभिमान होता.

म्हातारा तुर्दाकून गेला तेव्हा नातेवाइकांनी मयतीची मदत फोनवरून पाठवली. कुणाला? तुर्दाकूनलाच! सगळ्यांकडे नंबर त्याचाच होता. काय म्हणावं आमच्या लोकांना! आता वारसाचे कागद होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येईना. मयतीच्या जेवणाला घोडी कापायची आमची रीत, पण अंगणात घोडीवाला लगाम धरून अडून बसलेला. पैसे आल्याशिवाय घोडी कापू देईना. मातीला आलेले लोक उपाशी परत जाणार, म्हणजे घराण्याचं नाकच जाणार. जिपारगुलच्या खिशात पेट्रोलपुरत्याच सोमच्या नोटा होत्या.

"पोरी, तूच बनवलंयस ना हे? मग उघड की," तुर्दाकूनची बायको सायराकान म्हणाली.

"मी उघडलं तर परवाना जाईल, आजी. कुरणावरच्या सगळ्यांचे पैसे अडकतील."

"बरं. मग त्यांनाच विचारते."

नवऱ्याचा फोन घेऊन ती तंबूत गेली. तिथं पडद्याआड त्याला ठेवलं होतं. आत बायकांचा विलाप चालू होता, तो एकदम थांबला. घोडी कान टवकारून मागं सरली. मग घोडीवाल्याचा फोन वाजला.

"आले," तो म्हणाला. त्याला घाम फुटला होता.

सायराकान बाहेर आली. "मला कधी कशाला नाही म्हणाले नाहीत ते," एवढंच बोलली. मांस शिजलं, लोक जेवले, दुपारी तुर्दाकूनला टेकडीवर नेऊन पुरलं.

संध्याकाळी आम्ही यंत्राने टिपलेले फोटो पाहिले. हनुवटीला पांढरं फडकं बांधलेला तुर्दाकून. एकात डोळे मिटलेले. दुसऱ्यात उघडे, थेट आमच्याकडे बघणारे. पापण्यांजवळ कुणाचं बोट नव्हतं.

चौकशी लागली. "मेलेल्याची ओळख पटवणाऱ्या यंत्राला परवाना कसा ठेवायचा?" साहेब म्हणाले. "यंत्र बरोबर होतं असं लिहून देता?"

जिपारगुलनं ते दोन फोटो पुन्हा पाहिले. मग म्हणाली, "नाही. चूक झाली यंत्राची."

लोकांचे पैसे परत करून आम्ही कुलूप लावलं. मी तिच्यावर भडकले. "खोटं का बोललीस? तुझं यंत्र कधी तरी चुकलंय का?"

"नाही ना चुकलं?" तिने माझा हात घट्ट धरला. "मग त्या दुपारी गावानं कुणाला पुरलं गं?"