तोंड दाखवायला खिंडीत

आमच्या गावाला टॉवर मिळाला, पण रेंज मिळाली नाही. शाळेमागच्या माळावर तो लाल-पांढरा सांगाडा दोन पावसाळे नुसता उभा होता. विचारलं की उत्तर यायचं, "मशिनं बसायचीत." मशिनं बसली, तर म्हणे वीजजोड यायचाय. इकडे उरवड्याच्या कारखान्यांपाशी फोनवर फाइव्ह जी उमटायचं आणि तिथून मुठ्याकडं वळलं की एकेक काडी गळायला लागायची. आमच्या फाट्यापर्यंत एकही उरायची नाही.

मी अंगणवाडी सेविका. मुलांची वजनं घ्यायची, गरोदर बायांना आणि लहान मुलांच्या आयांना पोषण आहाराची पाकिटं द्यायची, हे माझं काम. आधी ते वहीत व्हायचं. मग फोन आला, फोनात ॲप आलं आणि पाठोपाठ हुकूम आला : पाकीट देण्याआधी बाईचा चेहरा फोनला दाखवायचा. फोननं ओळखलं तरच द्यायचं.

ओळखायला रेंज लागायची, आणि रेंज होती वर खिंडीत. म्हणून दर महिन्याला मी गोणी डोक्यावर घेऊन बायांची रांग खिंडीत न्यायची. येणारे-जाणारे विचारायचे, "कुटं देवाला निगाला का?"

धनगरवाड्यावरची एक बाई दीड-दोन वर्षांची पोर कडेवर घेऊन तासभर डोंगर उतरून यायची आणि माझ्यामागं पुन्हा खिंड चढायची. पहिल्या खेपेला फोनवरचं चक्र नुसतं फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी ॲपनं तिला डोळे मिचकवायला सांगितलं. तिनं मिचकवले, आणि रेंज गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा ती दगडावर बसली ती उठेचना.

"बाई, मी तुमच्याम्होरं हाय का न्हाई?"

"हायेस की."

"मला वळखता का न्हाई?"

"वळखते. तुझ्या पोरीचं वजन दर महिन्याला मीच घेते."

"मग ह्या डबड्याचं काय अडलंय?"

पोर तिच्या मांडीवर झोपून गेली होती, ऊन मी म्हणत होतं. मी तिला पाकिटं दिली आणि कागदावर अंगठा घेतला.

"चेहरा न जुळवता वाटप का केले? दोन दिवसांत लेखी खुलासा द्यावा." ही ऑफिसची नोटीस फोनवर आली. मी खिंडीत गेले तेव्हा ती मला दिसली, म्हणजे मुदत संपल्यावर. आता खुलासा उशिरा का दिला, याचाही खुलासा देणं आलं. तिथूनच मी फोन कंपनीच्या तक्रार क्रमांकाला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आपके गाँव में तो नेटवर्क बहुत अच्छा दिखा रहा है."

"कुटं दिसतंय ते मला दाव," असं मी म्हणेपर्यंत फोन कटला.

शेवटी मी आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनाच गावात बोलावलं. त्या पुण्याहून स्कूटरवर आल्या. अंगणवाडीच्या दारात त्यांनी स्वतःचा फोन वर धरला, बाजूला धरला, मग पर्समध्ये टाकला. मी त्यांना खिंडीत नेलं. अर्ध्या वाटेत त्या कमरेवर हात ठेवून थांबल्या.

"अहो, हे तुम्ही आधी का नाही कळवलं?"

"कळवलं मॅडम. ग्रुपवर टाकलं होतं. गेलं नाही."

त्या हसल्या नाहीत, आणि मलाही हसू आलं नाही. पण परत गेल्यावर त्यांनी पत्र लिहिलं, माझा खुलासा मान्य झाला आणि टॉवर सुरू होईपर्यंत अंगठ्यावर वाटप करायची परवानगी मिळाली.

टॉवर सुरू व्हायला आणखी वर्ष गेलं. एका मंगळवारी दुपारी माझा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. लग्नाची आमंत्रणं, बैठकांचे निरोप, एका दहाव्याचा निरोपसुद्धा, सगळं एकदम येऊन पडलं.

त्याच आठवड्यात धनगरवाड्यावरची ती बाई आली. मी तिला खुर्चीत बसवलं आणि मोठ्या दिमाखात फोन समोर धरला. तिनं डोळे मिचकवले. चक्र फिरलंच नाही, लगेच हिरवी खूण आली. तिच्याखाली लाल अक्षरं होती : मुलीला तीन वर्षं पूर्ण, यापुढे पाकिटं नाहीत.

मी तिला ते वाचून दाखवलं. ती फोनकडं बघत राहिली.

"लई चपळ झालंय की वो," ती म्हणाली. "न्हाई म्हणायला आता येळ लावत न्हाई."

तीन वर्षांच्या पोरीनं अंगणवाडीत येऊन ताजी खिचडी खायची, असा नियम. पण तिला रोज डोंगर उतरून आणणार कोण? मी दोघींना ताटं वाढली. पोरीनं दोनदा मागून खाल्लं. मग आईनं तिला कडेवर घेतलं आणि वाड्याची वाट धरली.