मिशीची खूण

माझी मावशी बहिऱ्या माणसांच्या कानांचे साचे बनवायची. कानात मऊ लगदा भरायचा, घट्ट झाला की अलगद ओढून काढायचा आणि त्याच्या मापानं श्रवणयंत्राचा कानात बसणारा भाग घडवायचा. दवाखान्यामागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं. त्यावर बारीक कानशी, पॉलिशचा डबा आणि चिठ्ठ्या चिकटवलेले प्लॅस्टिकचे कान. "शंभर कान आहेत माझ्याकडे, पण माझं ऐकणारा एकही नाही," असं ती म्हणायची.

तिला स्वतःला चांगलं ऐकू यायचं. बहिरी होती माझी आजी, जन्मापासून. त्यामुळे मावशी आणि माझी आई बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकल्या. आईनं लग्नानंतर ते सोडून दिलं. मावशीनं लग्नच केलं नाही. दर रविवारी ती चर्चमध्ये दुभाषी म्हणून उभी राहायची. पाळक, म्हणजे पाद्री, बोलायचे आणि ही त्यांच्या बाजूला उभी राहून सगळं खुणांनी सांगायची. समोरचे डावीकडचे तीन बाक बहिऱ्यांचे. तिचे हात पंखांसारखे हलायचे, म्हणून आम्ही पोरं तिला पंखाताई म्हणायचो.

तिच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. 'पिता' शब्द आला की ती दोन बोटं वरच्या ओठावर फिरवायची. मिशी म्हणजे बाप, ही साधी खूण. एकदा उपासना संपल्यावर पुढच्या बाकावरची इस्त्रीवाली तिच्यापाशी आली. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तिनं हातांनी विचारलं, "देवाला मिशी आहे?"

मावशी हसली. म्हणाली, तसं नाही गं, देव बापासारखा आहे.

इस्त्रीवालीला हसू आलं नाही. तिनं सांगितलं, "माझ्या बापाला दोनच खुणा येत होत्या. जेव आणि बाहेर जा. देव तसाच असेल तर मी इथे कशाला येऊ?"

पुढच्या आठवड्यात मावशीनं तिन्ही बाकांवरच्या एकेकाला गाठून विचारलं, तुझ्याशी घरात हातांनी कोण बोलायचं? तेवीस माणसं होती. सुतार होता, शिंपी होता, शाळकरी जुळ्या बहिणी होत्या. तेवीसच्या तेवीस जणांनी आईची खूण केली. बाप सगळ्यांना होते, काहींचे चांगले कष्टाळू होते, पण त्यांचे नुसतेच ओठ हलताना दिसायचे. आयांनाही कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी खुणा मनानंच तयार केल्या होत्या.

त्या रविवारी 'पिता' आला आणि मावशीनं तळहात गालाला टेकवला. आई. तीन बाकांवर चुळबुळ झाली. इस्त्रीवाली ताठ होऊन बसली.

मावशी मनाला येईल ते करणारी नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती म्हाताऱ्या पाळकांकडे गेली आणि केलं ते सांगून टाकलं. त्यांनी भिंग लावून बायबल उघडलं. देव बाळंतपणाच्या कळा देणाऱ्या बाईसारखा ओरडतो, आई लेकराला समजावते तसा समजावतो, अशा जागा एकेक करून दाखवल्या. पवित्र आत्म्याचा जुन्या भाषेतला शब्द स्त्रीलिंगी आहे आणि पूर्वेकडचे फार जुने विश्वासी त्या आत्म्याला आई म्हणायचे, हेही सांगितलं.

"मग हे तुम्ही प्रवचनात का सांगत नाही?" मावशीनं विचारलं.

"माझ्यात तेवढी हिंमत नाही," म्हातारे म्हणाले. "तुझे हात मात्र मी धरणार नाही."

नऊ वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. कसा लागणार? प्रार्थना सुरू झाली की ऐकू येणारे सगळे डोळे मिटतात. उघडे असतात ते फक्त बहिऱ्यांचे.

मग म्हातारे पाळक वारले, तरुण पाळक आले. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी दंतवैद्य होते. त्यांची सून शिक्षिका, खुणांची भाषा शिकत होती. तिनं घरी जेवताना सहज विचारलं, या बाई देवाला आई का म्हणतात? झालं. गुरुवारी मावशीला कमिटीसमोर बोलावणं आलं.

चर्चमागच्या खोलीत सहा जण बसले होते. मावशीला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. दंतवैद्य म्हणाले, तुम्ही देवाला बाई करून ठेवलंत.

"तुम्ही त्याला मिशी कुठे पाहिलीत?" मावशी म्हणाली. मग शांतपणे पुढे बोलली, "पिता म्हटल्यावर तुम्हाला जो जवळचा वाटतो, तो त्यांना आई म्हटल्यावर वाटतो. मी अर्थ पोचवते. माझं कामच ते."

तरुण पाळकांनी समजुतीचा सूर लावला. दोन ओळी माफी लिहून द्या, यापुढे ठरलेली खूण करा, विषय संपला. मावशीनं कागद घेतला, उभ्यानंच लिहिलं आणि परत दिला. 'मी चुकीचं भाषांतर केलेलं नाही', एवढंच होतं त्यावर.

तिला काढलं. माझी आई तिच्यावर भयंकर चिडली. लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस, म्हणाली.

"तू हात सोडलेस तेव्हा मी तुला काही बोलले होते?" मावशीनं विचारलं. त्यानंतर दोघी महिनाभर बोलल्या नाहीत.

नवा दुभाषी आला. प्रशिक्षण घेतलेला, नीटनेटका मुलगा. त्या रविवारी मावशी आजीला घेऊन तिसऱ्या बाकावर बहिऱ्यांत बसली. मी समोर गाणाऱ्यांत उभी होते आणि डोळे मिटले नव्हते, म्हणून मला सगळं दिसलं. प्रार्थना सुरू झाली, माना खाली गेल्या. दुभाष्यानं दोन बोटं ओठावर फिरवली. इस्त्रीवाली उठली, त्याच्याकडे पाठ केली, सगळ्या मंडळीकडे तोंड केलं आणि गालाला तळहात लावला. तिच्यामागे सुतार उठला, शिंपी उठला, जुळ्या उठल्या. बाक खरखरा सरकले. किती आवाज होतोय हे त्यांना कुठून कळणार? लोकांनी दचकून डोळे उघडले. समोर तेवीस माणसं उभी, आणि त्यांच्यात माझी ऐंशी वर्षांची आजी, मावशीच्या खांद्याला टेकून. पाळक थांबले. बहिऱ्यांनी उरलेली प्रार्थना त्यांच्याशिवाय पूर्ण केली आणि सगळे खाली बसले.

हे रविवारमागून रविवार चाललं. दंतवैद्यांनी ते बाक मागच्या भिंतीला नेऊन लावले, तर ही माणसं वेदीपुढच्या पायऱ्यांवर येऊन बसली. चौथ्या महिन्यात दुभाष्यानंच काम सोडलं. जाताना पाळकांना म्हणाला, मी उभा राहतो, पण माझ्याकडे बघतं कोण?

शेवटी पाळक स्वतः मावशीच्या टेबलाशी आले. परत या म्हणाले. माफीचा विषय त्यांनी काढला नाही. मावशीनं हातातली कानस खाली ठेवली नाही.

"माझ्या हातांना कुणी हुकूम करायचा नाही," ती म्हणाली. "आणि हे तुम्ही प्रार्थनेआधी सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं."

त्यांनी सांगितलं. दंतवैद्य उठून निघून गेले, त्यांच्याबरोबर चार घरं गेली. मावशी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. चर्चच्या वरिष्ठांनी आईच्या खुणेला लेखी परवानगी अजून दिलेली नाही. मावशीनं ती मागितलेलीही नाही.