काचेखालचा कागद

झाशी स्टेशनावर चौकशीच्या खिडकीत माझ्या आधीची पाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची असे. गाडी किती उशिरा आहे एवढंच नव्हे, का उशिरा आहे तेही ते सांगत. त्यांचा धाकटा भाऊ बायको-मुलांसह शिडाच्या होडीत राहायचा. बेटाबेटांवरून त्याची पत्रं यायची. ती ते मला मोठ्यानं वाचून दाखवत आणि टेबलाच्या काचेखालच्या कागदावर होडीचीही नोंद ठेवत: 'वारा पडल्याने चार दिवस लेट.'

एकदा होडीतले ते चौघं एका बेटावरचा डोंगर चढले. वरून होडी तांदळाच्या दाण्याएवढी दिसली म्हणे.

"आपण तर समुद्रच नाही पाहिला, भैया," ते म्हणाले.

मग होडी एका दिवसासाठी मुंबईला लागणार असल्याचं पत्र आलं. भावाला भेटायला त्यांनी रेल्वेचा पास काढला. निघायच्या दुपारी मी वेळेवर येऊन त्यांना पाळीतून मोकळं करायचं होतं, पण मी पत्ते खेळत बसलो. पोचलो तेव्हा खिडकीसमोर रांग होती, त्यांची पेटी पायाशी होती आणि गाडी सुटून गेली होती.

"घरी सगळं ठीक ना?" त्यांनी विचारलं.

"आईला ताप आलाय," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काढा घेऊन प्रेम नगरात आमच्या घरी आले. दार आईनंच उघडलं.

"मला कसला ताप?" ती हसली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काही नाही, काकू. राहू द्या घरात," म्हणाले आणि काढा ठेवून गेले.

काचेखाली शेवटची नोंद त्यांच्याच अक्षरात होती: 'मुंबईची भेट रद्द. कारण: सहकाऱ्याच्या आईस ताप.'

ती त्यांनी कधीच खोडली नाही.