माळ्यावरचा आंबेमोहोर

हसू नका म्हटलं तर तुम्ही जास्तच हसाल, म्हणून म्हणतो, खुशाल हसा. फक्त आधी हातातला चहा संपवा. मी जो घोळ घातलाय तो ऐकताना घोट घशात अडकला, तर जबाबदारी माझी नाही!

आम्ही टिटवाळ्याला राहतो. छोटंसं रो हाऊस. वर उतरतं पत्र्याचं छप्पर, खाली सिलिंग, आणि दोन्हींच्या मध्ये माणूस रांगू शकेल एवढा माळा. माळ्याचं झाकण आमच्या बेडरूमच्या छताला. सात वर्षांत मी ते एकदाही उघडलं नव्हतं. कशाला उघडू? वर काही ठेवलेलंच नाही!

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस बेडरूममध्ये वास आला. आहाहा! आंबेमोहोर तांदळाचा भात नुकता शिजलाय, असा. आता माझं नाक म्हणजे काय विचारता! रिटायर झाल्यापासून दुसरं काम नाही, त्यामुळे नाकाला भरपूर वेळ.

मी बायकोला म्हणालो, "सुलभा, शेजारी सावंतवहिनींनी बघ कसला भात लावलाय. नाहीतर आपला!"

"आपला म्हणजे कुणाचा?" ती म्हणाली.

इथेच गप्प बसायला हवं होतं ना? नाही बसलो. वास रोज यायचा आणि मी रोज बोलायचो. चौथ्या दिवशी सुलभाने माझ्या ताटात भात वाढायचाच बंद केला. "वासावर जेवा," म्हणाली.

मग मी सावंतवहिनींनाच गाठलं. आमची मधली भिंत एकच. "वहिनी, तांदूळ कुठून आणता हो? आमच्या घरात नुसता घमघमाट!"

वहिनी बावरल्या. "तांदूळ? अहो, आमच्या ह्यांना शुगर. महिना झाला, आम्ही भाकरीवर आहोत."

मला वाटलं, लपवतायत! दुकानाचं नाव सांगायचं नसेल. पण ती बिचारी मालवणची बाई. दुसऱ्या दिवशी मुद्दाम आंबेमोहोर आणला, शिजवला, वर तूप सोडलं आणि वाटी घेऊन आमच्या दारात उभी. मी वाटी नाकाशी नेली. डोळे मिटले. आणि काय म्हणालो असेन?

"छान आहे वहिनी. पण तो वास नाही. तो ओरिजिनल होता."

वहिनी वाटी घेऊन वळल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे बघेनात. कपडे वाळत घालतानासुद्धा पाठ करून! सुलभाला तर रडूच आलं. सात वर्षांची मैत्रीण तिची, आणि मी ती भातापायी घालवली.

दोन दिवसांनी भरदुपारी माळ्यावर धपधप सुरू झाली. मी म्हटलं, उंदीर असेल. सुलभा म्हणाली, "उंदराच्या पायात बूट आहेत का?" आणि मला न विचारता तिने फोन लावला. तासाभरात मंदाताई स्कूटीवरून हजर.

घरात घुसलेली जनावरं बाहेर काढणं हाच मंदाताईचा धंदा. साप, घोरपड, वटवाघळं, काहीही. चाळिशीची, जवळच्याच गावातली. मला वाटलं, आता पिशवीतून जाळं निघेल, काठी निघेल. निघाली फक्त एक टॉर्च!

बेडरूमच्या दारातच ती थांबली आणि तिने श्वास ओढून घेतला. "काका, भात लावलाय काय?"

मी तर उडीच मारली. "बघ! बघ! ह्यांनाही आला!"

"नाय ना लावला? मग उदमांजर हाय. तिचे मुताचा वास येतो असा."

सुलभाने माझ्याकडे बघितलं. फक्त एकच शब्द म्हणाली.

"ओरिजिनल."

मला माळ्यावरच जाऊन राहावंसं वाटलं, पण तिथे जागा भरलेली होती ना!

मंदाताई शिडी चढून झाकणातून वर गेली. काही आवाज नाही. दोन मिनिटांत खाली. "आई हाय, दोन पिल्लं हायत. हात लावायचा नाय, पकडायचं नाय. तिलाच वाटलं पायजे, ही जागा बरी नाय." तिने वनखात्याला फोन करून कळवलं. मग माळ्यावर एक बल्ब लावला आणि आमचा रेडिओ मोठ्ठा करून ठेवला. का? तर पिल्लं सांभाळायला आईला अंधार लागतो आणि शांतता लागते. दोन्ही काढून घेतलं की ती आपणहून बिऱ्हाड हलवते. आहे की नाही डोकं! आमच्या ऑफिसात एक माणूस हलवायला सतरा कागद लागायचे.

ती आत शिरते कुठून, हेसुद्धा मंदाताईने मागच्या अंगणातल्या भिंतीवरच्या एका मळकट डागावरून शोधलं. येता-जाता अंग घासून पडलेला डाग! त्याच भिंतीला टेकून मी सात वर्षं पेपर वाचतोय.

संध्याकाळी आम्ही दोघं मंदाताईबरोबर मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो. डास मारायची परवानगी नाही! दिवेलागणीला पत्र्याखालून एक काळं तोंड बाहेर आलं. तोंडात पिल्लू. भिंतीवरून, कुंपणावरून, थेट जांभळाच्या झाडावर. थोड्या वेळाने परत आली, दुसरं घेऊन गेली. मंदाताई हळूच "जा बाय" म्हणाली, सासरी निघालेल्या मुलीला म्हणावं तसं. आयुष्यात मी बरेच साहेब बघितले, पण आपल्या कामात इतकं मुरलेलं माणूस नाही बघितलं!

मग ती माझ्या कानाशी काहीतरी कुजबुजली आणि टॉर्च घेऊन उठली. मी जांभळाकडे बघत "हो हो" म्हणालो.

दहा मिनिटांनी बेडरूममध्ये आलो, तर डोक्यावर धप!

आली! परत आली! पण आता मी काय कच्चा होतो? एवढं डोळ्यांनी बघितलं होतं. शिडीवर चढलो, झाकण आपटलं, कडी घातली, खाली उतरून शिडी काढून घेतली आणि केरसुणी घेऊन पहाऱ्याला उभा राहिलो. वर धपधप वाढली. रेडिओवरची बाईही आज भलतीच तावातावाने ओरडत होती. म्हटलं, असेल कसली तरी जाहिरात.

आवाज ऐकून सुलभा धावत आली. भिंतीपलीकडून सावंतवहिनीही आल्या, अबोला विसरून! दोघींसमोर माझी छाती आणखी फुगली.

"अहो, पण मंदाताई कुठे आहेत?" सुलभाने विचारलं.

तेवढ्यात वरचा रेडिओ बंद पडला आणि माझा मोबाइल वाजला. मंदाताईच!

"अहो ताई, आहात कुठे? लवकर या! मी कोंडून ठेवलंय तिला!"

पलीकडून अगदी शांत आवाज आला.

"माहीत हाय, काका. मी आतनंच बोलते."